सूर्य कोणाच्या बापाचा?

...अन् आता तुमीच सांगा बायाहो, ऊन नाही पडलं त्यात माही काय चूक? सकाळी उठले का आमचे हे अंगणात उभे. एक डाव आभाळाकडं पाहायचं, एक डाव माह्याकडं, पुन्हा आभाळाकडं, पुन्हा माह्याकडं... जसं काही ऊन म्याच घडी करून पेटीत ठेवलं अन् किल्ली कमरेले खोसली! म्या म्हटलं, "अहो, माह्याकडं काय पाह्यता? मी काय सूर्याची मावशी हाये?" तं नुस्तं "हुंऽऽ" करायचे. लग्नाले इतके वर्षं झाले, यायचा भुकेचा हुं मले समजते, रागाचा समजते, पाहुणे नको असले का जो निंगते तो बी समजते. पण हा पुस महिन्यातला हुं नवाच होता बाप्पा!

तुमी म्हणाल, अन्नपूर्णाबाई, हिवाळ्यात दिवस आखूडच राह्यते, एखाद्या वर्षी आभाळ राह्यते, त्यात घर डोक्यावर घ्यायचं काय काम? थांबा ना! सांगून राह्यले ना मी! ऊन नसलं तं तुमचे पापड ओले राहात असंन, आमच्या घरी नवरा ओला राह्यते!

हे म्हणजे आमचे गुलाबराव. नाव घ्यायले मी काही लाजत नाही, यायचं नाव तं आता जानेफळच्या पोट्ट्यायले बी पाठ हाये. त्याचं कारण ते सोलर. अन् सोलरचं कारण ते रातचं ओलीत. अन् ओलिताचं कारण लाईट. आमच्या वावरातली लाईट कशी, तुमाले सांगते, दिवसा येते ते जायासाठी अन् रात्री येते ते माणसाले उठवायसाठी! मंग काय, गहू पेरला का हिवाळाभर यायचं तेच... डोक्याले मफलर, खांद्यावर फावडं, हातात टॉर्च, अन् चालले थंडीत पाणी द्याले. इकडं मी गोधडीत, डोये मिटलेले अन् कान वावरात. रानडुकरं होते, विंचू होते. एक डाव तं पायावरून साप गेला यायच्या. साप वं माय, साप! अन् घरी येऊन मले काय म्हणतात? "काही नाही वं, जरासा थंड लागला." थंड लागला! जशी कोणी कुल्फी फिरवून नेली पायावरून!

त्या दिवसापासून मी यायले म्हणत होते, सोलर घ्या, सोलर घ्या. अन् घेतलं यायनं. गावात पह्यलं. वावरात खांब गाडले, त्यावर प्लेटा चढल्या, बटन दाबलं अन् भर दुपारी भकभक भकभक पाणी! माह्या डोयातून बी आलं थोडं, खोटं कायले बोलू? म्हटलं, आता हा माणूस रात्री घरात निजंन. एवढंच पाह्यजे होतं मले.

पण माणूस निजंन तं खरं! हे बोलायले लागले. बाजारात वांगे घ्याले गेले का वांगेवालीले सोलर सांगत. हिवरा आश्रमले एका साखरपुड्याले गेलो, तं नवरदेवाले बाजूले घेऊन सोलर सांगत. तो बिचारा पाहून राह्यला नवरीकडं, अन् हे त्याले खांद्याले धरून, "ना बिल, ना लायनमन, ना जागरण! सूर्य कोणाच्या बापाचा नाही!" अन् असं म्हटलं का मिशीले पीळ.

मिशीचं तं सांगायचंच राह्यलं. तुमी पाह्यली असंन. नाही पाह्यली तं गेली बाई आता तुमच्या हातची... पण ते मंग सांगते. ती मिशी साधी नव्हती. आमच्या भिंतीवर बाबासाहेबांच्या फोटोखाली माह्या सासऱ्याचा फोटो हाये, त्यात पाहा अन् मंग यायच्याकडं पाहा. तीच जाडी, तोच आकडा, तोच डाव्या बाजूले जरासा वर चढलेला शेंडा. वावराची वाटणी झाली तीन भावांत, भांडे वाटले, बैल वाटले, पण मिशी सारीच्या सारी एकट्या यायच्या वाट्याले आली. दुसऱ्या दोघायले उगवतच नाही तशी! म्हणून हे तिले असे जपत का तेल आधी मिशीले, उरलं तं डोक्याले.

तं काय झालं, माहा मोठा भाऊ, वामनदादा, पिंपळगाव राजाहून आला होता पावसाळ्याच्या शेवटी. ओट्यावर बसले होते दोघं साळे-दाजी. शेजारची इमामबी बसली होती, तिचा पोरगा सईद होता, अर्धी गल्ली होती. दादानं आपलं सहज विचारलं, "दाजी, सारं खरं, पण हिवाळ्यात आभाळ आलं तं?" झालं! एवढं पुरलं. हे खाटेवरून उठले. "वामनराव! माही प्लेट ढगातलं बी ऊन वढून घेते! काय समजले? अन् ऐका, साऱ्यायच्या समोर सांगतो, पुन्हा कधी रातच्या ओलिताले गेलो, तं हे मिशी उतरवीन!" म्या आतून डोक्याले हात लावला. अहो, मिशी काऊन मधात आणता? तिनं काय केलं तुमचं? पण नाही! तेवढ्यावर बी थांबले असते तं बरं होतं. इमामबीकडं वळले. "अन् चाची, तुमच्या बोळीत ऊन येत नसंन तं माह्या वावरात येत जा! पाह्यजे तेवढं घेऊन जा! सूर्य कोणाच्या बापाचा नाही!"

इमामबीनं ऐकून घेतलं. ते बाई बोलते कमी. पण ऐकलेलं इसरत नाही, हे ध्यानात ठेवा.

अन् मंग लागला तो पुस! अशी धुई, अशी धुई, का आपल्याच म्हशीनं आपल्याले ओळखू नाही. धुई उठली का आभाळ, आभाळ सरलं का अंधार! चहा मांडावा तं वाटे सकाळ, प्यावा तं झाली संध्याकाळ. दुपार नावाची गोष्टच मधातून गायब! कोंबडा बी घोटाळ्यात, केव्हाही आरवे अन् मंग आपलाच आपण लाजून गप. ओल्या गोधड्या घरात, ओले लुगडे घरात, साऱ्या गावाले कुबट वास... अन् माणसं, सांगते ना, माणसं बी कुबट झाले! जो भेटंन तो कुरकुर. हाडं दुखून राह्यले म्हणे, मन लागत नाही म्हणे, झोपच पुरत नाही म्हणे.

अन् आमचे हे? टीव्ही लावला तं बंद कर. भाकर वाढली तं अर्धी. नातू फोनवर "आजोबा, आजोबा" करून राह्यला तं, "हुंऽऽ." मले तं वाटलं, त्या सोलरवाल्यायनं दोन प्लेटा यायच्या आतमंदी बी बसवून देल्ल्या का काय... बाहेर ऊन नाही तं माणूस आतून बंद!

का नाही होणार बंद? वावरात गहू पाणी मांगून राह्यला होता. पातीचे शेंडे पिवळे पडायले लागले होते. अन् पंप सुरू केला तं पाइपातून धार कशी निंगे, एखादं नागडं पोरगं भिताडाकडं तोंड करून उभं राह्यलं ना, तशी! बस! त्यात गहू काय ओलंन अन् दांड काय भिजंन? हे प्लेटा पुसत. दादानं आहेरात देल्लेला नवा कोरा टॉवेल, माह्या डोयासमोर, घेतला अन् पुसल्या प्लेटा! स्वतःचा चष्मा कधी पुसला नाही या माणसानं! मंग त्या प्लेटा हातानं फिरवत, सूर्य जिकडं जाईन तिकडं. सूर्य दिसत नाही, तरी फिरवत. म्या म्हटलं, "अहो, कोणाच्या मांगं फिरवून राह्यले?" तं म्हणतात, "असंन ना तो तिकडंच कुठीतरी."

सईद बिचारा दोन डाव येऊन गेला. "भाऊ, माही मोटर हाये, रातची लाईट हाये, गहू जाईन हातचा. घ्या ना पाणी." तं हे, "नाही! शब्द म्हणजे शब्द!" अरे, शब्दाच्या काय पोळ्या लाटू मी? शब्द दळून आणू चक्कीवर? अन् तिकडून दादाचा फोन, "काय दाजी, ऊन कसं हाये? मिशी कशी हाये?" हे म्हणत, "दोन्ही फस क्लास!" खोटं! एक होती फस क्लास, दुसरं दिसतच नव्हतं! अन् दादा म्हणते, "मंग येत्या रविवारी आमच्या गावचे चार जण घेऊन येतो, तुमचं सोलर पाह्यचं म्हणतात." हे फोन ठेवून माह्याकडं पाह्यले. मी आभाळाकडं पाह्यलं. या डाव मीच म्हटलं, "हुंऽऽ."

अन् काय सांगू तुमाले... रविवारी उगवला! असा उगवला, असा लख्ख उगवला का भांडे घासता घासता माह्या हातातली परात चमकली अन् मीच दचकले! हे आंघोय करून, पांढरा सदरा घालून, मिशीले तेल लावून तयार. "अन्नपूर्णा! चाल! आज सारा गहू ओलून काढतो!" कितीतरी दिवसांनी यायनं माहं नाव घेतलं हो. मले इतकं बरं वाटलं का मी चुलीवरचं दूध तसंच ठेवून निंगाले. ते उतू गेलं, ते वेगळं. आज ऊन हाये, आज गव्हाले पाणी भेटते, आज मिशी वाचते, आज हा माणूस पोटभर जेवते... असे हिशेब करत करत मी यायच्या मांगं मांगं पांदीनं पळून राह्यले.

वावर काही दूर नाही, पांदीच्या तोंडाशीच. अन् पोहोचलो तं... प्लेटा कुठी गेल्या?

प्लेटा होत्या. पण दिसत नव्हत्या! सगळ्यायच्या वर ताणून घातली इमामबीची गोधडी. ते बी साधी नाही, सहा लुगड्यायची! तिच्या बाजूले कोणाची सतरंजी. त्याच्या बाजूले कोणाचा लेप. एका प्लेटीवर मुगाच्या वड्या, टाकून तासभर झाला असंन. अन् खालच्या साऱ्या ओळीवर दुपटी! लंगोट, दुपटी, झबले, टोपडे... पांढरे, पिवळे, फुलाफुलायचे! आमच्या शेजारच्याची पोरगी सारिका माहेरी बाळंत झाली ना, तिच्या लेकीचे. अन् बायाच बाया! बांधावर बसून शेंगा खाऊन राह्यल्या, जशी काही जत्रा! अन् मधोमध इमामबी, खुर्ची टाकून, गुडघे उन्हाले देऊन, डोये मिटून, एकदम बेगम!

पंप? पंप कायचा चालते! वरतून एवढा सूर्य अन् खाली कंट्रोलरवर लाल दिवा.

हे जे वरडले! "कोणी टाकलं हे? उचला! उचला पह्यले! हे सोलर हाये का वाळू घालायची दोरी?"

इमामबीनं डोये उघडले. सावकाश. घाई नाही काही. म्हणते, "क्यूं गुलाबभाऊ? तुमनेच तो बोला था, आओ, जितना होना उतना ले जाओ. हमारे आंगन में जरा धूप नहीं. आज निकला तो आ गये." मंग गोधडीचा कोपरा नीट केला अन् म्हणते, "सूरज क्या तुम्हारे बाप का है?"

साऱ्या बाया फिस्सकन हासल्या. मी बी हासले... मांगच्या मांगं, पदरात. काय करू? वाक्य यायचंच होतं, व्याजानं परत आलं!

हे लाल झाले. तरातरा गेले अन् खालच्या ओळीतलं पह्यलं दुपटं उचललं. ओलं गच्च. तेवढ्यात सारिका उठून आली. ओली बाळंतीण, कान बांधलेले. लय हळू बोलली बिचारी. "काका, आठवडा झाला, लेकराच्या अंगाले कोरडं कापड नाही. तव्यावर शेकून घालतो. काल तं अंगावर पुरळ उठलं तिच्या. एवढे वाळू द्या, मंग मीच उचलते सारे." अन् बाजूले खाटेवर ते लेकरू, तेल लावून उन्हात टाकलेलं, लालबुंद, मुठी वळून, पाय झाडून राह्यलं होतं. हे त्याच्यावर वाकले. अन् त्यानं काय करावं? मिशी धरली! घट्ट! सोडंच ना!

अन् मंग माह्या नवऱ्यानं काय केलं, सांगू? मिशी सोडवली हळूच. वळले. ते दुपटं पुन्हा प्लेटीवर टाकलं. नुस्तं टाकलं नाही बायाहो, त्याची चुणी काढली, चारी कोपरे ताणले, वाऱ्यानं उडू नये म्हणून ढेकूळ ठेवलं. मले म्हणतात, "काय पाह्यतं? ते झबलं उलटं कर. शिवण वाळत नाही लवकर."

अहो, गहू! तिकडं गहू पिवळा पडून राह्यला, एका दिवसाचं ऊन, ते बी वितभर, अन् हा माणूस शिवण पाहून राह्यला!

तेवढ्यात दादा. चार माणसं घेऊन, पांढरे कपडे, मोटारसायकली. येऊन उभे राह्यले अन् पाहातच राह्यले. वर गोधडी, खाली लंगोट, मधात वड्या. म्हटलं, झालं, आता हे जमिनीत जातात. पण तुमाले सांगते, यायची मान अशी वर! "या वामनराव! पाहून घ्या! साऱ्या बुलढाणा जिल्ह्यात दाखवा असं सोलर! पाणी काय, कोणाचंही सोलर काढते!" अन् सांगू काय, हे गेले अन् त्यायनं प्लेटा फिरवल्या! सूर्य सरकला तश्या! एकदा सरकवल्या, दोनदा सरकवल्या... साऱ्या दिवसभर आमचा माणूस लंगोटायले सूर्याच्या तोंडासमोर धरून बसला! ते चार जण काय पाह्यले अन् काय समजले, त्यायचं त्यायले माहीत. एकानं तं जाता जाता मले बाजूले विचारलं, "वैनी, वाळवायचं मशीन येगळं बसवा लागते का?"

कपडे वाळले. अशे वाळले, कडक! सारिकानं घड्या घातल्या, इमामबीनं गोधडी डोक्यावर घेतली अन् म्हणे, "अल्ला तुम्हारे खेत में बरकत दे." अन् यायनं मिशीले पीळ देऊन पंपाचं बटन दाबलं. भकभक भकभक... दोन वाफे भिजले. अन् सूर्य गेला! एवढासा दिवस तो! आला का चालला, जसा उंबऱ्यावर टेकलेला पाहुणा... चहा बी नाही घेत!

अन् दुसऱ्या दिवशी? धुई. तिसऱ्या दिवशी? आभाळ.

आता मात्र गहू थांबणार नव्हता. हे वावरातून आले, ओट्यावर बसले, एक पिवळी पात हातात घेऊन. सईद आला. मोठ्या मनाचा माणूस हो, म्हणते, "भाऊ, तुमी घरी निजा. मी देतो रात्री पाणी तुमच्या गव्हाले. तुमी गेले नाही, तं शब्द मोडला नाही. मिशी जिथल्या तिथं." म्या म्हटलं, सोनं बोललं लेकरू! पण हे काय म्हणतात, "सईद, माह्या गव्हासाठी तू थंडीत उभा राह्यशील अन् मी घरात मिशीले तेल लावत निजीन? तसली मिशी असली काय अन् नसली काय?" उठले. मफलर बांधला. फावडं घेतलं. म्या कोपऱ्यातला टॉर्च उचलला अन् मी बी चप्पल घातली. "तू कुठी?" म्हणे. म्या म्हटलं, "साप पुन्हा थंड लागला तं सांगायले कोणी नको का?"

गहू भिजला. सारा भिजला.

सकाळी अंगणात आरसा टांगला यायनं, स्वतःच्या हातानं. दादाले कसं समजलं काय माहीत, त्याचा फोन, "दाजी, जाऊ द्या ना बाप्पा, म्या तं गंमत केली होती!" हे फोनवर काय म्हणाले, ऐका. "वामनराव, गंमत तुमची होती. शब्द माहा होता." अन् फिरवला वस्तरा.

खरं सांगते, माही छाती अशी भरून आली! या माणसानं आजपर्यंत मले सोन्याचा मणी केला नाही, पण त्या दिवशी मले गल्लीभर मिरवावं वाटलं. पाहा म्हणावं, हा माहा नवरा! लेकराच्या दुपट्यासाठी ऊन देल्लं अन् शब्दासाठी मिशी देल्ली! हाये का तुमच्यापाशी असा? ...मंग यायनं तोंड पुसलं अन् माह्याकडं वळले. अन् बायाहो, काय सांगू... ओठ! एवढ्या वर्षांत म्या तो वरचा ओठ पाह्यलाच नव्हता! मी पदर तोंडात कोंबून न्हाणीत पळाले.

सारिकाच्या लेकीनं पाह्यलं तं भोंगा पसरला. ओळखीनाच! अन् यायनं सुधारावं का नाही? आता वावरात खांबाखांबाले तार बांधली, प्लेटीवर सावली पडू नये अशी, अन् साऱ्या गावाले पुन्हा आवतण, "या! वाळवा! सूर्य कोणाच्या बापाचा नाही!" हात अजून बी वर जाते पीळ द्याले... अन् हवेत फिरून खाली येते.

तं मी काय म्हणते, सूर्य कोणाच्या बापाचा नाही, मान्य हाये. पण ती मिशी तं यायच्या बापाची होती ना! अन् तो बाप रोज सकाळी भिंतीवरून यायच्याकडं पाहात नाही बायाहो... माह्याकडंच पाह्यते!